कॉलनीच्या फाटकातून महिन्याला किती इंधन आत येतं? (इंदूर)

रामबागी | ९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

नाव रामबागी असलं तरी रामबाग सुटून बावीस वर्षं झाली. आता राजेंद्रनगरच्या पलीकडे राहतो. ३८ घरांची कॉलनी, निम्मी मराठी, बहुतेक सगळी एकमजली. गेल्या महिन्यात गणपतीच्या देवळात मीटिंग झाली आणि तिथे एका सोलरवाल्याने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. सगळ्या छतांवर निळे पॅनल, खाली हिरवळ, हिरवळीवर एक गोरं कुटुंब. म्हणे ३० किलोवॅट लावा, कॉलनी ‘स्वावलंबी’ होईल, लाईट बिल शून्य. टाळ्या पडल्या. आमच्या खजिनदारांचा पेन खिशातून अर्धा बाहेर आलेला मी स्वतः पाहिला.

मी जन्मभर बँकेत घालवलेला माणूस. आधी लेजर, मग कर्ज. म्हटलं, स्वावलंबी व्हायचं तर आपण आत्ता कशाकशावर अवलंबून आहोत ते तरी लिहून काढू. शंभर पानी वही घेतली आणि महिनाभर घरोघर फिरलो. चहा इतका झाला की ॲसिडिटी झाली. ३८ घरांचा मिळून एका महिन्याचा आकडा असा:

वीज ८,००० युनिटच्या आसपास. सिलिंडर ४१. पेट्रोल साधारण १,३०० लिटर (२२ गाड्या, ५१ दुचाकी, आणि यात लोक कमी सांगतात हे गृहीत धरा). नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. एप्रिलमध्ये बोअरने जवळजवळ मान टाकली, तेव्हापासून रोज एक टँकर.

कॉलनीच्या खात्यात चार लाख आहेत. पहिल्यांदा हात कशाला घालावा? वहीत बसणारी उत्तरं द्या, घोषणा नकोत.

छप्पनभोगी | ९ मे, रात्री १०.१५

काका, विचार काय करताय, सोलर लावून टाका! माझ्या घरी ३ किलोवॅट आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० सबसिडी थेट खात्यात आली. कॉलनीच्या सामायिक कामासाठी, म्हणजे पंप, रस्त्याचे दिवे वगैरे, किलोवॅटमागे १८,००० मिळतात. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा आणि छतावर शंभर चौरस फूट जागा. माझं बिल खरंच नावापुरतं येतं.

सुगरण_नव्हे | ९ मे, रात्री १०.५२

छप्पनभोगी, एक विचारू? लाईट गेली की तुझा पंखा चालतो का?

आमच्याकडे नाही चालत. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन, बेचाळीस डिग्री, छतावर ५ किलोवॅट रणरणतंय आणि खाली सासूबाई पुठ्ठ्याने वारा घेतायत. ज्याने बसवलं त्याला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, ग्रिड नहीं तो सोलर नहीं.” हे लावायच्या आधी सांगायचं असतं ना? शेजारच्यांचा साधा इन्व्हर्टर चालू होता. त्या गच्चीवरून विचारत होत्या, “काय हो, तुमचं सोलर ना?”

छप्पनभोगी | ९ मे, रात्री ११.०५

नाही चालत 🙈 पण आमच्याकडे लाईट जातेच कुठे.

सबस्टेशन | १० मे, सकाळी ६.२०

वीज खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून बोलतो.

सुगरणताई, तुमच्या मशीनमध्ये बिघाड नाही. ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. लाईन दुरुस्त करायला आमचा माणूस खांबावर चढतो तेव्हा त्याला वाटतं तार मेलेली आहे. त्याच वेळी तुमच्या छतावरून वीज उलटी तारेत आली तर तो खांबावरच संपेल. म्हणून ग्रिड, म्हणजे खात्याची लाईन, गेली की नेट मीटरवालं इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतं. ज्यांना लाईट गेल्यावरही चालायला हवं त्यांनी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी. खर्च बराच वाढतो.

आणि ‘बिल शून्य’बद्दल. नेट मीटर म्हणजे चोपडीतला जमाखर्च. दुपारी तुम्ही दिलेली वीज शेजारच्या दुकानाने तेव्हाच वापरली. रात्री तुमचा एसी चालतो तो आमच्या खंडव्याकडच्या सिंगाजीसारख्या केंद्रातल्या कोळशावर. २,५२० मेगावॅटचं केंद्र आहे ते. बिल शून्य येतं, कोळसा शून्य होत नाही. पॅनल लावू नका असं म्हणत नाही, माझ्याही छतावर आहेत. फक्त शब्द जपून वापरा.

आता रामबागींच्या वहीत एक रकाना रिकामा राहिलाय. नर्मदेच्या पाण्यापुढे त्यांनी ‘एक दिवसाआड’ एवढंच लिहिलं. ते पाणी येतं कुठून? मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, आणि विंध्याचा घाट चढून. खालच्या नदीपासून घाटमाथ्यापर्यंत ५०० मीटर तरी धरा. आता शाळेतलं गणित. १ युनिट वीज म्हणजे १,००० लिटर पाणी ३६७ मीटर उचलण्याइतकं काम. म्हणजे ५०० मीटरला १.४ युनिट. त्यात पंपाची गळती, पाईपचं घर्षण. हजार लिटरला २ युनिट खुशाल धरा. चार माणसांचं घर महिन्याला १५,००० लिटर वापरतं. झाले ३० युनिट, जे तुमच्या मीटरवर कधीच दिसत नाहीत. १ युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. नळ सोडला की कोळसाही सुटतो, इतकंच.

रामबागी | १० मे, सकाळी ८.०५

सबस्टेशन, सकाळी सहाला हे वाचलं आणि दात घासताना नळ बंद केला. जन्मात पहिल्यांदा.

१९७० च्या आंदोलनात मी दहा वर्षांचा होतो. नर्मदा इंदूरला आणा म्हणून मोठी माणसं रस्त्यावर होती, आम्ही पोरं मागून ओरडत होतो. १९७८ ला पाणी आलं तेव्हा आईने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यासाठी वीज किती लागेल हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसेल, आणि तेव्हा येणं बरोबरही नव्हतं. प्यायलाच नव्हतं.

पेठेतला | १० मे, सकाळी ११.३०

पुण्याहून. भावना बाजूला ठेवून जरा भागाकार करू या का?

घरामागे पाण्याचे ३० युनिट. ८,००० भागिले ३८ म्हणजे मीटरवरचे २१०. म्हणजे पाणी सातवा हिस्सा. पेट्रोलच्या १ लिटरमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते. १,३०० लिटर म्हणजे ११,७०० युनिट. ४१ सिलिंडर म्हणजे सुमारे साडेसात हजार. पाण्याचे सगळ्या कॉलनीचे मिळून ११००-१२००. तेव्हा ‘नळातून कोळसा’ वगैरे ऐकायला छान आहे, पण पैलवान दुसराच आहे. तो दारात स्टँडवर उभा आहे.

दुसरं, तुमच्याकडे १५० युनिटांच्या आत वापर असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात ना? मग कॉलनीतल्या ज्या घरांत दोन म्हातारी माणसं राहतात ती सोलरसाठी वर्गणी कशाला देतील?

सबस्टेशन | १० मे, दुपारी १.१०

भागाकार मान्य. त्यातही एक दुरुस्ती करतो. मीटरवरच्या १ युनिटामागे बॉयलरमध्ये तिप्पट उष्णता जळते, त्यामुळे विजेचे ८,००० हे पेट्रोलच्या शेजारी २४,००० म्हणून मांडायला हवेत. तसं केलं तर पैलवान पुन्हा वीजच. पण पाणीही त्याच हिशोबाने तिप्पट होतं.

मात्र मी पाण्यावर अडून बसलोय ते युनिटांसाठी नाही. बाकी सगळ्याला पर्याय आहे, उशीर करता येतो. वीज दोन तास गेली तर माणूस चिडतो. पाणी दोन दिवस गेलं तर टँकर येतो, आणि टँकर डिझेलवर येतो, दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरमधून. रामबागींच्या चार लाखांत पेट्रोलचं काय करणार? बोअरचं मात्र काहीतरी होऊ शकतं.

१०० रुपयांवाला मुद्दा बिनतोड आहे. ती घरं येणार नाहीत, त्यांना धरूही नये.

मांडवीचा | १० मे, रात्री ९.२५

बडोद्याहून राम राम.

वाचताना सारखी आजव्याची आठवण येतेय. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं सरोवर बांधवलं आणि १८९२ मध्ये शहराला पाणी मिळालं, ते उतारावरून, आपल्या पायांनी चालत. पंप नाही, कोळसा नाही. निमेट्याला गाळायचं आणि नळाने शहरात. १३० वर्षं झाली, अजून येतं. नंतर गाव वाढलं आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून पाणी उपसावं लागलं. पण पहिल्या आखणीत उतार बघितला होता. आमचे आजोबा म्हणायचे, पाण्याला ढकलू नये, वाट दाखवावी. (आजोबा पीडब्ल्यूडीत होते, वाट दाखवायचा त्यांना पगार मिळायचा.)

आणि वर्गणीवरून आठवलं. आमच्या जवळ खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी हवं तेव्हा पंप चालवायचा, नको तेव्हा वीज ग्रिडला विकायची. गंमत अशी की वीज विकून पैसे मिळायला लागले तेव्हा उगाच पाणी उपसायचं कारणच उरलं नाही. सहाच जण होते. अडतिसांना एकदम एका पंगतीत बसवायला जाऊ नका.

पतंगांचं मात्र बघा. उत्तरायणात आमच्या पॅनलवर एवढा मांजा अडकतो की काढायला दोन रविवार लागतात.

सुगरण_नव्हे | ११ मे, दुपारी ३.४०

सिलिंडरबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

दोन वर्षांपूर्वी इंदूरजवळच्या सनावदियाला जनकदीदींकडे, म्हणजे जनक पलटा मॅगिलिगन यांच्याकडे, आमचं भिशी मंडळ गेलं होतं. २०१५ ची पद्मश्री, पण स्वतः सगळं हाताने दाखवतात. अंगणात छत्रीएवढी सौरचूल, तिच्यावर चहा उकळला तो आमच्या गॅसइतक्याच वेळात. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले आणि घरी येऊन गॅस पेटवला.

मी एकटीने पेटीची सूर्यचूल घेतली. खरं सांगते: वरण, भात, उकडलेले बटाटे, राजमा, रताळी उत्तम. अकराला डबे ठेवले की दीडपर्यंत तयार, मध्ये एकदा आरसा सूर्याकडे वळवायचा. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, वाफ बाहेर जात नाही. डबे बाहेरून काळे हवेत. स्टीलचे चकचकीत ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत बसा. फोडणी होत नाही. पोळी होत नाही. पोहे होत नाहीत, म्हणजे इंदूरात सकाळ होत नाही. जुलै-ऑगस्ट बंद. तरी पूर्वी सिलिंडर महिन्याला एक लागायचा तो आता चाळीस दिवस जातो.

बैतूल जिल्ह्यातल्या बांचा गावात सगळी, पंचाहत्तरच्या आसपास घरं, सौर विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायला लागली, आयआयटी मुंबईने बसवून दिलं. तिथे दर घरी पॅनल आणि बॅटरी आहे. आपल्याला परवडणारं नाही, पण दिवसाउजेडी जेवण करून ठेवणं परवडतं. आजीच्या वेळी तसंच होतं की.

रामबागी | ११ मे, रात्री ८.५०

ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला तर? जागा आहे, बागेच्या कोपऱ्यात. खजिनदार फार मागे लागलेत. त्यांच्या मेहुण्याकडे टाकी बनवून मिळते, हा योगायोग.

खतवाली | ११ मे, रात्री १०.३०

काका, मेहुण्याला नाही म्हणा. देवगुराडियाच्या बायोगॅस प्लांटचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत: दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून १७,००० किलोच्या आसपास गॅस. २०२२ मध्ये सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालतात. म्हणजे टनाला ३० किलोच्या वर गॅस. तुमच्या ३८ घरांचा कचरा २५ किलो असेल. पाऊण किलो गॅस रोज. अठरा-वीस दिवसांत एक सिलिंडर. महिन्याला ४१ लागतात, त्यात दीड आला. त्यासाठी रोज कुणीतरी कालवून टाकीत ओतायचं, वास सहन करायचा आणि थंडीत गॅस कमी झाला की भांडायचं. त्यापेक्षा कचरागाडीला वेगळा करून द्या, बस तरी चालेल.

बागेचा पाचोळा मात्र देऊ नका, तो तुमचा. मी गेली नऊ वर्षं इंदूर पद्धतीने खत करते. हो, जगभर तिला हेच नाव आहे. आपल्याकडच्या वनस्पती संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती बसवली आणि मिळून पुस्तक काढलं. हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांचं आपल्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं, याचा मला राग येतो. पाचोळा, शेण, माती, राख, थरावर थर, तीनदा उलटवायचं, तीन महिन्यांत तयार. माझ्या ढिगात हात घातला तर पहिल्या आठवड्यात चटका बसतो, गंमत म्हणून नातवाला दाखवते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यातला बराच वायू जहाजाने येतो. कुंडीत टाकलेलं मूठभर खत म्हणजे तेवढं जहाज कमी.

पेठेतला | १२ मे, सकाळी १०.००

पेट्रोलवर अजून सगळे गप्प. नोंद करून ठेवतो.

छप्पनभोगी | १२ मे, सकाळी १०.०८

काय भिया, पुण्याचा माणूस पेट्रोलवर बोलतोय 😄

रामबागी | १२ मे, सकाळी १०.४०

पेठेतले, टोमणा पोचला. वही उघडून पाहिली. ५१ दुचाकींपैकी निम्म्यांच्या रोजच्या फेऱ्या दोन किलोमीटरच्या आत आहेत. दूध, भाजी, क्लास. आमच्या लाईनीतला एक मुलगा कोथिंबीर आणायला बुलेट काढतो, रस्ता हलतो. पण हे मीटिंगमध्ये कोण बोलणार? मी तर नाही, माझीच नात आहे त्या क्लासला स्कूटीवर जाणारी.

लष्करवाला | १२ मे, रात्री ११.१५

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे मे महिन्यात हा धागा वाचायलाही पंखा लागतो. बाकी वाचतोय.

सबस्टेशन | १३ मे, सकाळी ६.१०

रात्री झोप आली नाही तेव्हा रामबागींचे चार लाख माझेच समजून विचार केला.

एक. ३० किलोवॅट नको. फक्त ५ किलोवॅट, कॉलनीच्या नावाने, बोअरचा पंप आणि रस्त्याच्या दिव्यांसाठी. ५ एचपीचा पंप साडेचार किलोवॅटच्या आसपास ओढतो, तो भर उन्हात बराचसा त्यावर चालतो. सबसिडी ९०,००० येईल.

दोन, आणि याला पैसा लागत नाही. तुमचा पंप आत्ता पहाटे पाचला चालतो, बरोबर? सगळ्या कॉलन्यांचा चालतो. तो अकरा ते दोनमध्ये चालवा. वरची टाकी दुपारी भरा, पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी वापरा. बॅटरीला लाखो रुपये कशाला? टाकी हीच बॅटरी. आत साठवलेलं ऊन आहे असं समजा, कधी खराब होत नाही, फक्त वर्षातून दोनदा घासावी लागते.

तीन, देवास फिल्टर. आपल्या शेजारच्या देवासात १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणायची पाळी आली होती, त्यानंतर तिथे निघालेली युक्ती आहे. १४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप, सव्वा मीटरभर लांब, आत जाळ्या लावून तीन कप्पे. पहिल्यात २ ते ६ मिलिमीटरची खडी, दुसऱ्यात ६ ते १२, तिसऱ्यात १२ ते २०. छताचं पाणी एका बाजूने आत, दुसरीकडून बोअरमध्ये. हजार चौरस फुटांच्या छतावर आपल्याकडच्या ९०० मिलिमीटर पावसात गळती वजा जाता ६५,००० लिटर तरी पडतं. दहा छतं जोडली तर साडेसहा लाख. सगळं तुमच्याच बोअरला परत मिळेल असं नाही. आपल्याखाली काळा पाषाण, पाणी फटीफटीने कुठे जाईल सांगता येत नाही, शेजारच्या कॉलनीचंही भलं होईल. होऊ द्या. डग-डग नीर, म्हणजे पावलोपावली पाणी, म्हणायचे ना मालव्याला.

महानगरपालिकेने २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, ते नर्मदेचं पाणी वर चढवणाऱ्या पंपांच्या बिलापायी. मीही घेतले होते, ८.२५ टक्के. शहर त्या टोकाला करतंय, आपण या टोकाला करू.

खतवाली | १३ मे, सकाळी ७.३०

टाकी हीच बॅटरी. आवडलं. आमच्या सोसायटीत आजच सांगते.

रामबागी | २ जून, रात्री ९.१५

मीटिंग झाली. तीन तास. ३० किलोवॅटवाला पुन्हा लॅपटॉप घेऊन आला होता. सुगरणताईंचा पुठ्ठ्याचा किस्सा मी सांगितला आणि त्याला विचारलं, “लाईट गेली तर?” तो म्हणाला, “सर, वो अलग पॅकेज है.” खजिनदारांनी पेन परत खिशात घातला.

ठरलं ते असं. ५ किलोवॅटचा अर्ज. पंपाची वेळ दुपारी साडेअकरा, याला मात्र फार विरोध झाला, कारण पहाटेचं ताजं पाणी आणि दुपारचं शिळं अशी दोघा-तिघांची ठाम समजूत आहे. पंधरा दिवस करून बघू यावर सुटलं. फिल्टरला अडतिसांपैकी अकरा घरं तयार, मांडवीचे म्हणाले तसं बाकीच्यांना विचारलंच नाही. कचरा गाडीला. पाचोळ्याचा खड्डा बागेत, खतवालींनी एका रविवारी यावं ही विनंती, पोहे-जिलेबी आमच्याकडे. सूर्यचुली दोघींनी घेतल्या, पैकी एक माझी बायको, काल वरण छान झालं, भात मोकळा झाला नाही.

पेट्रोलचा विषय मी काढला. एक मिनिट शांतता, मग चहा आला.

आता अडचण: १४० चा पाईप आमच्या दुकानदाराकडे नाही, ११० चा आहे. चालेल का? पाऊस पंधरा तारखेच्या आसपास धरतोय.

सबस्टेशन | ३ जून, सकाळी ६.०५

लहान छताला चालेल, मोठ्याला तुंबेल. मोठ्या छतांना दोन लावा. खडी धुऊन भरा, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळी माती बोअरमध्ये. आणि फिल्टरच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून झाकण ठेवा. पहिल्या दोन पावसांचं पाणी त्यातून बाहेर सोडायचं, छतावर वर्षभराची धूळ आणि कबुतरं असतात. झाकण उघडायला आणि बंद करायला कोण जाणार, त्याचं नाव आजच वहीत लिहा.

रामबागी | ३ जून, सकाळी ७.२०

लिहिलं. बुलेटवाला.